मोकळं माप

काल संध्याकाळी डेअरीत कृष्णातनं आईला ओळख दाखवली नाही. पोटचा पोरगा, आणि आईला बघून कागदात तोंड खुपसतो! तानाबाईला फळ्यापेक्षा याचाच राग जास्त होता.

फळाही काही साधा नव्हता. डेअरीत कॉम्प्युटर आला, त्याचा प्रोग्रॅम कृष्णातनं सी भाषेत लिहिला. चेअरमननी त्याला सत्काराचा नारळ दिला आणि पेढे तानाबाईनं वाटले. आठवडा झाला नाही तोवर त्याच कॉम्प्युटरच्या यादीवरून फळ्यावर खडूनं उतरलं: तानाबाई, म्हैस, फॅट तीन. पाणी मिसळल्याचा संशय. उद्यापासून दूध बंद.

सात फॅटची म्हैस! गल्ली तोंडावर काही बोलली नाही. "तुमच्यात नळाला पाणी बरं येतंय की," एवढंच बोलली.

आज सकाळी ती भरली किटली घेऊन थेट कॉम्प्युटरच्या गार खोलीत शिरली. दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी होती. तानाबाई दुसरी पास होती, पाटी वाचता येत होती. तरी वाचली नाही.

"माझ्या दुधात पाणी कुणी घातलं रं?"

कृष्णातनं पुन्हा कागदात तोंड खुपसलं. शेजारच्या पडद्यासमोर बसलेला इकबाल हळूच म्हणाला, "मावशी, म्हशीचा दोष न्हाय. यादी करताना मशीन घटकाभर आकडे एका कच्च्या फाईलीत ठेवतंय. तिचं नाव ठरलेलं, टेंप. तसली फाईल आधी हाय का बघायचं, नसली की उघडायची. आम्ही दोघांनी एकदमच याद्या काढल्या, ह्यानं म्हशींची, मी गाईंची. दोघांनाबी जागा मोकळी दिसली. माझ्या गाईंचं आकडं तुमच्या म्हशींत सांडलं."

तानाबाई खो खो हसली. "म्हंजे माप मोकळं हाय का बघितलंस, आन किटली आणाय घरला गेलास व्हय? आरं, दुधाच्या रांगेतली शेंबडी पोरगी बी एवढी येडी नसती! माप मोकळं दिसलं की त्यात हात घालायचा. बघणं आन धरणं एकदमच."

कृष्णातचा चेहरा उजळला. "तेच केलंय की, आई! आता मशीनच दर खेपेला नवं नाव काढतं आणि त्याच दमात फाईल तयार करतं. त्या नावाची आधीच असली तर हात लावत न्हाय. काल सकाळीच दुरुस्त केलं."

"काल सकाळी?"

कृष्णात उगाच पडद्यावरची धूळ पुसायला लागला.

"आन चुकीच्या यादीवरनं फळा लिहिला दुपारी, तरी तू बोलला न्हाईस?"

"चेअरमननी नारळ दिलाय, आई. आठवड्यात चूक झाली म्हणून कसं सांगू?"

तानाबाईनं किटली त्याच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवली.

"मशीन सुधारलंस, ब्येस झालं. आता खडू घे. माझं नाव पूस आन तिथं तुझं लिही. फॅट तीनच ऱ्हाऊ दे. फकस्त फुडं संशय लिहू नगंस, खात्री लिही."