बुधवारची विनंती

अबोलीने चादरीची दोन टोकं चिमणीच्या हातात दिली आणि नजर भिंतीकडे वळवली. इस्पितळाच्या धुलाईघरात मोठ्या चादरींची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादर ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं. वर्षानुवर्षं हे काम दोघी गप्पा मारत करायच्या; म्हणजे चिमणी बोलायची आणि अबोली हसायची. ही नावं काही उगाच पडली नव्हती. आता महिना झाला, टोकं जुळत होती, बोटंही एकमेकींना लागत होती, पण अबोली एक शब्दही बोलत नव्हती.

चिमणीच्या जिवाला चैन नव्हतं. हातातलं काम हातातच राहायचं. आपलं चुकलं कुठे, हेच तिला उमजत नव्हतं.

अबोलीचा मुलगा दारूपायी व्यसनमुक्ती केंद्रात होता. हे तिने एकट्या चिमणीला सांगितलं होतं. चिमणीच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण ही गोष्ट तिने पोटात ठेवली. महिन्यापूर्वीच्या एका बुधवारपर्यंत. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बायका गोल करून बसत. जिला जे दुःख असेल ते तिने सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. त्या दिवशी चिमणीला रडू आवरलं नाही. तिने उभं राहून मुलाचं नाव घेतलं, केंद्राचं नाव घेतलं, तो आईच्या अंगावर कसा धावून गेला तेही सांगून टाकलं. देवापुढे कसली लपवाछपवी? दोनच दिवसांत पाळकाची बायको अबोलीच्या घरी गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, काळजी करू नकोस, आम्ही सगळ्याजणी तुझ्या लेकासाठी गुडघे टेकतो आहोत. त्या रविवारपासून अबोली चर्चला आली नाही.

चिमणीने काय नाही केलं? माफी मागितली, म्हणजे मी तुझ्या भल्यासाठीच केलं असं पुन्हा पुन्हा ऐकवलं. उपास केले. अबोलीचं मन मऊ होऊ दे, तिचा राग निघून जाऊ दे, म्हणून देवापाशी धरणं धरलं. देव काही दाद देईना. शेवटी तिला वाटलं, आपली एकटीची प्रार्थना कमी पडते आहे. आज बुधवारच होता.

संध्याकाळी ती गोलात उभी राहिली. माझी जिवाभावाची मैत्रीण माझ्याशी बोलत नाही, एवढंच म्हणाली, तोच खुर्च्या पुढे सरकल्या. माना खाली होत्या, पण डोळे कुणीच मिटले नव्हते. पाळकाच्या बायकोने मायेने तिचा हात धरला.

"त्या मुलाचं काही नवीन कळलं का गं? नीट सांग. म्हणजे नेमकी प्रार्थना करता येते."

नवीन कळलं होतं. दुपारीच अबोली फोनवर रडत होती आणि चिमणीने दाराआडून ऐकलं होतं. शब्द ओठांवर आले. ते सांगायला किती गोड वाटणार आहे, हे तिला त्याच क्षणी जाणवलं. मागच्या वेळीही वाटलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तरी गोड वाटलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. आपल्यामुळे कुणी दुखावलं असेल तर वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, हे तिने प्रवचनात कितीदा तरी ऐकलं होतं. ते दुसऱ्या कुणासाठी असावं, अशीच तिची समजूत होती.

अबोलीने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही. आज माझं काय सांगितलंस, एवढंच तिने विचारलं.

"सांगणार होते, तोंड उघडलं होतं," चिमणी म्हणाली. "त्या दिवशी मी देवाला नाही सांगितलं गं. त्या बायकांना सांगितलं. आणि सांगताना मला बरं वाटत होतं."

मग अबोलीने सांगितलं की मुलाची केंद्रातून सुट्टी झाली आहे, पण तो घरी यायला तयार नाही. सगळ्या चर्चला कळलंय, आता कुठल्या तोंडाने येऊ, म्हणतो.

चिमणीपाशी धीराची वाक्यं कधी कमी नव्हती. आज ती दारातच उभी राहून नुसती रडली आणि अबोलीने तिला रडू दिलं. शेवटी चिमणीने विचारलं, "त्याच्यासाठी प्रार्थना करू?"

अबोली दारातून बाजूला झाली.

"कर," ती म्हणाली. "पण मनातल्या मनात."