कडेवर

"पायाचा विचारच करू नका, दादा. पाय कंबरेतून निघतो," म्हणत पोनीवाली रंगाऱ्याच्या मागे स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हात त्याच्या खुब्यांवर ठेवले. "कंबर डावीकडे न्या. अजून जरा. सगळा भार डाव्या पायावर येऊ दे. आता बघा, उजवा आपोआप हलका झाला की नाही?"

झाला. दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या रंगाऱ्यानं तो हलका झालेला पाय पुढे टाकला आणि हसला. समोरच्या मोठ्या आरशात ते हसू अख्ख्या हॉलला दिसलं. भिंतीलगतच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोलाही दिसलं.

फिजिओथेरपी देणाऱ्या त्या मुलीला इथे सगळे मॅडम म्हणत. रंगाऱ्याची बायकोही तोंडावर मॅडमच म्हणे. मनात मात्र तिच्या उंच बांधलेल्या पोनीटेलवरून तिनं तिचं नाव पोनीवाली ठेवलं होतं. परांचीवरून पडून मोडलेलं नवऱ्याचं कंबरेचं हाड केव्हाच जुळलं होतं. तरी घरी हा माणूस पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जायचं म्हटलं की सगळं अंग हिच्या खांद्यावर टाकायचा. "पाय उचलतच नाही गं," म्हणायचा. इथे मात्र बरोबर उचलत होता. इथे यायचं असलं की सकाळी गुळगुळीत दाढी करत होता, इस्त्रीचा शर्ट मागत होता. हिनं घरी कधी मॅडमसारखं कंबरेला धरायला जावं, तर "मॅडम असं नाही धरत" म्हणून मोकळा.

पोनीवाली त्याची कंबर आता उजवीकडे नेत होती. काहीतरी बोलली. तो पुन्हा हसला. बायकोनं पिशवीची चेन उघडली, लावली, परत उघडली. त्या हातांत वावगं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. तेच जास्त खुपत होतं. धड भांडायलाही जागा नव्हती.

"वहिनी, इकडे या. आज तुम्ही धरा," पोनीवालीनं हाक मारली.

ती ताडकन उठली. नवऱ्याच्या बगलेत खांदा घातला, कंबरेला विळखा मारला आणि रोजच्यासारखं त्याला वर ओढलं. त्याचा पाय जागच्या जागी लुळा पडला.

"ओढू नका, वहिनी. तुम्ही उचलताय, म्हणून त्यांचा पाय सुट्टीवर जातोय."

"आणि घरी पडले तर? उचलायला तुम्ही येणार?"

आवाज चढलाच. शेजारच्या गादीवर गुडघा वाकवत पडलेल्या आजी वाकवायच्या थांबल्या.

"अगं, मॅडमना काय बोलतेस," रंगारी म्हणाला.

त्या एका वाक्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं खांदा काढून घेतला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. तो दांडे घट्ट धरून तसाच राहिला.

पोनीवाली रागावली नव्हती. ती हिच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, कंबरेकडे.

"दुखतं का हो इथे?"

"मला काय धाड भरलीय दुखायला."

"आरशात बघा बरं."

तिनं बघितलं. आरशातली बाई एका बाजूला कललेली होती. डावा खुबा बाहेर आलेला, खांदा त्याच्यावर उतरलेला, सगळा भार एकाच पायावर. दुसऱ्या पायाची टाच जमिनीला लागतच नव्हती.

"दादा तिकडे उभे आहेत," पोनीवाली हळूच म्हणाली. "तुम्ही मात्र अजून त्यांना कडेवर घेऊनच उभ्या आहात."

तिनं चाकाची खुर्ची रंगाऱ्याच्या पाठीशी सरकवली, ब्रेक लावला, "दमलात तर बसा" म्हणाली आणि हिच्या मागे आली. दोन हात खुब्यांवर टेकले. कोरडे, उबदार, कसलीही घाई नसलेले.

"सोडा अंग. मी धरलंय."

हे तिला शेवटचं कोण म्हणालं होतं, ते काही केल्या आठवेना. बाहेर आलेला खुबा हळूहळू आत सरकला. टाच जमिनीला लागली. मणक्यातून एक कळ निघाली आणि वरच्या वर विरून गेली. तिचे डोळे मिटले. मघापासून याच हातांवर ती जळत होती, आणि आता ते निघू नयेत असं तिला वाटत होतं.

"मॅडम," नवऱ्याचा आवाज आला. "ही वेळ माझी आहे ना?"

"आले, दादा."

"तिला काय झालंय? धडधाकट आहे ती."

पोनीवालीचे हात होते तिथेच राहिले.

"अगं, उशीर होतोय घरी जायला."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. सकाळपासून तिच्या स्वतःच्या गळ्यात तोच अडकून बसला होता. तिनं डोळे उघडले.

आरशात तो दिसला. खुर्चीत बसला नव्हता. दांडे धरून, दातओठ खात, या दोघींच्या दिशेनं येत होता. कंबर डावीकडे, उजवा पाय पुढे. कंबर उजवीकडे, डावा पाय पुढे. मागे कुणाचा हात नव्हता, आणि चेहऱ्यावर हसूही नव्हतं.

पोनीवालीलाही ते दिसलं. तिचे हात सैल पडू लागले.

रंगाऱ्याच्या बायकोनं ते हात होते तिथेच दाबून धरले. वळून बघितलं नाही.

"आणि मॅडम," नवऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "दुसऱ्या बाजूला कसं करायचं?"