निरोगी माणसाचा निळा

"पुन्हा निळाच," सोल्वे म्हणाला.

सोल्वेच्या प्रयोगशाळेत समोर बसलेल्या मायवोरने मान वर केली नाही. ही तिसरी पट्टी. आधीच्या दोन्ही अशाच निघाल्या होत्या.

टपाल तिकिटाएवढा कागद. त्यावर मेणाने आखलेली बारीक वाट. एका टोकाला लाळेचा थेंब सोडायचा. कागद भिजत भिजत तो दुसऱ्या टोकाला पोचतो आणि तिथे ठिपका उमटतो. शरीरावर ताण जितका जास्त, तितका ठिपका गडद. मग शेजारी छापील रंगपत्ता धरायचा. त्यावर तीन चौकोन: निळा म्हणजे निरोगी, गडद निळा म्हणजे दमलेला, काळा म्हणजे खचलेला. एवढ्याशा कामाला पूर्वी मोठं यंत्र आणि तीन आठवडे लागायचे. आता पाच क्रोना आणि दहा मिनिटं. सरकार खूश होतं.

"अर्ध्या तासात काही खाल्लं होतंस?"

"पाण्याचा घोटही नाही. कामावरच्या बायकांबरोबरची दहाची कॉफी रजेतही चुकवली नव्हती, ती सोडून आलेय. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. आमच्या बायकांना वाटलं, ही खरंच आजारी आहे."

"मग?"

"मग काय, त्यांना बरोबर कळलं. तुझ्या कागदालाच कळत नाही."

सोल्वेने पट्टी खिडकीजवळ नेली. बाहेर तोच राखाडी उजेड होता, जो ऑक्टोबरपासून होता. उजेड बदलला नाही, ठिपकाही बदलला नाही.

मायवोर घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं बघायची. सकाळी साडेसहा ते अकरा, चौदा घरं. मोजे चढवायचे, गोळ्या द्यायच्या, लापशी गरम करायची, आणि फोनवर 'आपुलकीचा संवाद, चार मिनिटं' अशी खूण करायची. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला घरी बसवलं होतं. ती रजा शुक्रवारी संपत होती. वाढवून हवी असेल तर नव्या नियमाप्रमाणे डॉक्टरचा शब्द पुरत नव्हता. कागद लागायचा.

"तुझी डॉक्टर काय म्हणते?"

"ती म्हणते, मी खचलेय. पण तिचा रंग कोणी विचारत नाही." मायवोरने हात मांडीवर ठेवले. "सोल्वे, मी रजा मौजेसाठी मागत नाहीये. शेवटच्या दिवशी मी एका घरच्या येर्दाच्या गोळ्या दुसऱ्या घरच्या स्टूरेला देत होते. येर्दाच्या, रक्त पातळ करायच्या. त्यानेच हात धरला. म्हणाला, पोरी, माझ्या गोळ्या पांढऱ्या असतात. ब्याण्णव वर्षांचा आहे तो. सोमवारी मला त्यांच्यातल्या कोणाकडे पाठवशील? ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याच्याकडे?"

सोल्वेने चष्मा काढून डोळे चोळले. चष्मा परत लावायचं त्याला जरा उशिरा आठवलं.

"कागद खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "दोन हजार वेळा तपासलाय. तो फक्त जुळवून बघतो. निरोगी माणसाशी."

"कोण हा निरोगी माणूस? मला भेटायचंय त्याला."

"एक नाही. सहा जण."

"कुठे मिळाले? सगळ्या जिल्ह्यात मला एक दिसला नाही."

"प्रयोगशाळेतच." सोल्वे थोडा ओशाळला. "बाहेरच्या माणसाची लाळ घ्यायची तर समितीची परवानगी लागते. तिला दीड वर्ष. आपली स्वतःची घ्यायला कोणी विचारत नाही. म्हणून रोज कॉफीच्या आधी आम्ही सगळे एकेका नळीत थुंकायचो. त्यावरून पहिला चौकोन ठरला."

"म्हणजे हा निळा तूच?"

"एक षष्ठांश."

मायवोर पहिल्यांदाच हसली. हसून झाल्यावर दमली. "आणि केव्हा थुंकलात? सुट्टीवरून आल्यावर, झोपबीप काढून?"

"सुट्टी नव्हती. पट्टी लवकर हवी होती. दोन वर्षं जुलैतसुद्धा आम्ही उघडे होतो."

"जुलैत?" स्वीडनमध्ये जुलै म्हणजे सगळ्यांची सुट्टी; तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिथे जुलैत काम करणाऱ्याकडे पाहतात. मग हात पुढे केला. "ठीक आहे. बोलाव त्यांना. माझ्यासमोर पुन्हा थुंकू देत. तू झालास एक, राहिले पाच. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

सोल्वेने फोन उचलला. नाव शोधलं, दुसरं शोधलं, तिसरं. फोन हातातच राहिला.

"काय झालं? सोडून गेले?"

"नाही, अजून नोकरीत आहेत. पट्टी तयार झाल्यावर एकेक करत घरी बसले."

"पाचही? घरी काय करतात?"

त्याने टेबलावरचा तिचा खचलेपणाची रजा वाढवून मागणारा अर्ज उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवला.

"याच रजेवर आहेत."