उजव्या बुटाची टाच

"शेवटून पहिली आले!" शर्यतीहून परतलेल्या लेकीनं दारातूनच जाहीर केलं आणि बूट काढून बापापुढे टाकले. बाप बुटांचा कारागीर. घरातच त्याचं दुकान. लेकीचं उजवं पाऊल जन्मापासून ताठ. टाच जमिनीला टेकायचीच नाही, म्हणून बुटाचं टोक घासून महिन्याभरात फाटायचं. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे आई रोज ते पाऊल ताणायची. लेक बोंब ठोकायची, पण मैदान काही सोडायची नाही. सवयीनं बापानं न बघताच टोकासाठी ठिगळ कापलं, उजवा बूट उलटा केला आणि थबकला. टोक शाबूत होतं. झिजली होती ती टाच! "अगं, इकडे ये!" त्यानं बायकोला हाक मारली. आईनं झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "ह्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पोरीला नवे शिवा." बापानं सगळ्यात जाड चामडं ओढलं. "टाचेला हेच घालतो, पोरी. झिजवून दाखव!"