चिऊचा हात

नव्या बाईंनी भिंतीवरचे हात एकेक करून उतरवले. मागच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आधीच्या बाईंनी प्रत्येक मुलाचा पंजा रंगीत कागदावर गिरवून कापला होता, खाली घरचं लाडकं नाव लिहिलं होतं आणि सगळ्या हातांचं मिळून झाड केलं होतं. आता थंडीची सुट्टी संपून बालवर्ग पुन्हा भरला होता. बेत साधा होता. जुना हात पांढऱ्या कागदावर चिकटवायचा, त्यावर आजचा हात ठेवायचा, कडेने हिरवी रेघ मारायची आणि आपण किती वाढलो ते बघायचं.

"बाई, माझा हात केवढा वाढलाय बघा."

"हात नाही, नखं वाढलीत तुझी," एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

बाई पट्टी घेऊन फिरत होत्या. दोन मिलिमीटर. तीन. एकाचे सहा भरले, पण त्याने पेन्सिल तिरकी धरली होती. बाईंनी ती उभी धरायला लावून त्याच्याकडून पुन्हा रेघ काढून घेतली.

चष्मेवालीच्या शेजारच्या मुलीची हिरवी रेघ जुन्या हाताच्या आत पडली होती.

पाचही बोटांच्या आत. मधल्या बोटाच्या टोकाशी बाईंनी पट्टी लावली. नऊ मिलिमीटर कमी. "मनगट इथे ठेव. बोटं सैल सोड," असं म्हणून त्यांनी स्वतः रेघ मारली. पुन्हा नऊ. जुन्या हाताच्या तळाशी नाव होतं, चिऊ.

"हा तुझाच हात ना गं?"

मुलीने मान डोलावली.

"ती चिऊ नाहीये, बाई," चष्मेवाली रंगवता रंगवता म्हणाली. "पण चिऊच म्हणायचं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सगळे म्हणतात."

समोरच्या बाकावरच्या दोघांनी वर न बघताच माना हलवल्या. एकाने हिरवा खडू मागून घेतला. कोणालाही त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाई मोरीपाशी गेल्या. शाळेच्या मावशी मुलांचे पेले विसळत होत्या.

"मावशी, चिऊला बहीण आहे?"

"दोघी होत्या. वर्षाचं अंतर. सुट्टीत ताप आला, त्यात एक गेली."

"कोणती?"

"आई म्हणते, धाकटी."

नळ वाहत होता. बाईंनी तो बंद केला.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी थोरलीच्या बुटांचे बंद रोज बांधलेत, बाई. तिच्या घोट्यावर भाजल्याचा डाग होता." मावशींनी पेले पालथे घातले. "मोठ्या बाई म्हणाल्या, आईला जरा सावरू दे. तोवर चिऊ तर चिऊ."

"आणि या मुलीचं काय?"

"हाक मारली की ओ देते की ती."

शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा झाला. ती मुलगी तेवढी राहिली होती, आई यायची होती. बाईंनी तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवला, तिचा हात त्यावर ठेवला आणि गिरवला. पंजा छोटा, नीटस उमटला. त्याच्या आतही कुठलीच रेघ नव्हती आणि बाहेरही नव्हती.

"खाली कोणाचं नाव लिहू?"

मुलीने आधी दाराकडे पाहिलं.

"आई बघणार आहे?"

"का गं?"

"बघणार असेल तर ताईचं लिहा."

"आणि नसेल बघणार तर?"

मुलगी विचार करू लागली. मोठ्यांदा विचारलेली बेरीज मनात करावी, तसे तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. बाई जवळ वाकल्या, तेवढ्यात दाराशी पावलं वाजली आणि तिने ओठ मिटले. बाईंनी तो कागद हजेरीवहीखाली सरकवला.

आई आत आली. केस नीट विंचरलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. उशिराबद्दल तिने दोनदा माफी मागितली. मग टेबलावरचा जुना हात तिला दिसला. ती जवळ गेली. हिरवी रेघ आणि कापलेल्या हाताची कड यांच्या मधल्या जागेवरून तिने बोट फिरवलं, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर, अंगठ्यापर्यंत.

"किती वाढला चिऊचा?"

बाईंना उत्तर मिलिमीटरमध्ये माहीत होतं.

"हा हात तिचा नाही," त्या म्हणाल्या. "मी दोनदा मोजलं."

मुलगी खुर्चीतल्या खुर्चीत एकदम ताठ झाली.

आई मात्र रागावली नाही. लहान मुलाला समजवावं तशी ती हसली.

"थंडीने आकसतात हो हात. आमच्याकडे सगळ्यांचेच."

तिने पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले आणि मुलीपुढे गुडघ्यांवर बसून ते तिच्या हातात चढवू लागली. प्रत्येक बोटाचं टोक रिकामं राहिलं, ते तिने चिमटीत धरून सारखं केलं. एक झालं की दुसरं, घाई न करता, दहाही.

"बघा, बसतात की नाही?"

मुलीने दोन्ही हात बाईंपुढे धरले होते. मोज्यांच्या आत ती बोटं ताणत होती, जमतील तेवढी लांब.