शेवटचा ओटा

"आत्या, पायाला भिंगरी लागलीय का? बस की जरा एका जागी!" चरात उकिडवी बसलेली भाची म्हणाली.

आत्या बसली आणि लगेच उठली. या डोंगरउतारावर तिच्या बापजाद्यांनी कोळसा केला होता. उतार कोरून खळ्याएवढे गोल ओटे करायचे, त्यांवर लाकडं रचायची, वरून माती लिंपायची आणि आत धुमसत ठेवायचं. भट्ट्या कधीच्याच बंद पडल्या. आता पुरातत्त्व शिकलेली भाचीच ते ओटे खणायला आली होती. बाकीच्या ओट्यांकडे आत्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. या एकाच्या कडेला मात्र सकाळपासून तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

आपला दादा इथेच संपला, असं ती आयुष्यभर धरून बसली होती. भट्टीवरची माती खचली की वर चढून ती दाबायचं काम दादाचं. एका सकाळी तो दिसेनासाच झाला. "पळाला शहरात," बाबा म्हणाले. आत्याला ते कधी पटलं नाही. तिला न सांगता दादा जाईल? छे! भट्टीत पडला असणार, आणि बाबांनी ते दडपलं असणार. नाहीतर या ओट्यावर त्यांनी पुन्हा भट्टी का लावली नाही?

"हे बघ," भाचीनं बोट दाखवलं. काळ्या भुग्याखाली भाजलेली लाल माती, आणि तिच्याखाली चिखल. "खालून झरा फुटलाय. ओलीवर भट्टी धरत नाही, तूच सांगितलंस ना? म्हणून सोडला आजोबांनी हा ओटा."

"आणि दादा?"

"सगळी राख चाळली, आत्या. माणूस जळाला तरी हाडांचे तुकडे उरतात. इथे एकही नाही." भाची हसली. "काका इथे जळालेच नाहीत गं. बरं झालं ना?"

"जाताना एका शब्दानं बोलला नाही मेला!" ती म्हणाली. "तुझे आजोबा शेवटच्या आजारात मला हाका मारत होते. मी दारातूनच म्हटलं, आधी खरं सांगा. आणि मागे फिरले."

भाची सामान आवरू लागली.

आत्या चपलांसकट चरात उतरली. "अजून खण."

"खाली नुसती कोरी माती आहे, आत्या. तिला माणसाचा हातही लागलेला नाही."

"असू दे." आत्यानं तिच्या हातातली खुरपी ओढून घेतली आणि चिखलात गुडघे टेकले. "तू चाळणी धर."