डावी बाजू

नातू रडून रडून लालबुंद झाला होता, तरी आजी त्याला उजवीकडेच छातीशी धरून थोपटत होती.

"आई, डावीकडे घे गं त्याला. तुझ्या काळजाचे ठोके ऐकले की गप्प होईल," बाळंतीण लेक म्हणाली. "आम्हा दोघी बहिणींना तिथेच तर झोपवायचीस! आता हे काय उजवीकडचं खूळ काढलंस?"

वर्षापूर्वी गाठीपायी आजीचा डावा स्तन काढावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोटाचं मांस घेऊन तिथे नवा घडवला होता. काम इतकं बेमालूम, की सगळं घर खूश होतं. "दिसेल अगदी पहिल्यासारखा," असं डॉक्टर म्हणाले होते. त्यापुढचं त्यांचं वाक्य आजीने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिने नातवाला डावीकडे घेतलं. दोन हुंदके देऊन गडी शांत झाला.

"बघ, म्हटलं नव्हतं? झोपला ना?" लेक कुजबुजली.

"तूच वाकून बघ, बाई," आजी म्हणाली. "या बाजूला त्याचा श्वास मला जाणवत नाही."